अभ्यासात लक्ष नाही, की मनात भीती आहे?

"डॉक्टरसाहेब, याला स्मरणशक्तीचं टॉनिक लिहून द्या," असे म्हणत एक आई नववीतल्या मुलाला घेऊन आली. सातवीपर्यंत बरे गुण मिळवणारा मुलगा गणितात नापास होत होता. डोळे, कान, हिमोग्लोबिन, सारे ठीक निघाले. पूर्वी अशा वेळी मीही टॉनिक लिहून मोकळा होत असे.

आईला बाहेर बसवून मुलाला बोलते केले. "वर्गात बाक जोरात सरकला तरी छातीत धडधडतं. मग सर काय शिकवतात ते कळत नाही." लहानपणी वडील दारू पिऊन आईला मारत आणि हा पांघरुणात कडीचा आवाज ऐकत पडे. वडिलांची दारू सुटून चार वर्षे झाली होती. घरचे विसरले होते, मुलाचे शरीर विसरले नव्हते.

आपल्या मेंदूत धोक्याची सूचना देणारा, बदामाएवढा 'अमिग्डाला' असतो. कोवळ्या वयात वारंवार भीती वाट्याला आली की तो अतिसावध होतो. किरकोळ आवाजानेही अॅड्रिनालिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. अशा वेळी लक्ष एकवटणारा कपाळामागचा भाग आणि नवे शिकलेले साठवणारा 'हिप्पोकॅम्पस' नीट काम करीत नाहीत. रात्रभर राखण केलेल्या माणसाला सकाळी हिशेब लिहायला बसवावे, तसे हे आहे. आठवीनंतर एका गणितात चार-पाच पायऱ्या डोक्यात धराव्या लागतात, तेव्हा ही अडचण उघडी पडते. २०२०-२१ च्या कोविडमध्ये आई किंवा वडील गमावलेली कित्येक मुलेही आज माध्यमिक शाळेत आहेत.

प्रत्येक नापास मुलामागे आघातच असतो असे नव्हे. पण ओरडणे, मारणे, शेजारच्या मुलाशी तुलना करणे यांनी भीती वाढतेच. जादा शिकवणीपेक्षा पुरेशी झोप, घरातले ठरलेले वेळापत्रक आणि न रागावता ऐकून घेणारे एक मोठे माणूस अधिक उपयोगी पडते. शिक्षकांनी अशा मुलाला अचानक फळ्यापाशी उभे करू नये.

जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाण्यात कमीपणा नाही. 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. मूल मरणाची भाषा बोलू लागले तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. घरात अजूनही मारहाण होत असेल तर १०९८ वर कळवा. मारहाण चालू असताना नुसत्या समुपदेशनाने काही साधत नाही.

या मुलाची परवानगी घेऊनच मी आईशी बोललो. ती बराच वेळ गप्प होती. मुलगा आता समुपदेशनाला जातो. सहामाहीत गणितात पस्तीस गुण पडले.