मनाची भूक

पोटास भूक लागली कीं आपण ती बोलून दाखवितों. मनासही भूक असते. कोणी आपणांस प्रेमानें जवळ घ्यावें, आपलें म्हणणें ऐकून घ्यावें, आपल्या श्रमांचें चीज करावें, असें लहानथोर सर्वांस वाटतें. ही भूक भागली नाहीं तर ती आपलें खरें नांव सांगत नाहीं. राग, रुसवा, बढाई, अबोला अशीं सोंगें घेऊन येते.

भाईंदरच्या एखाद्या वर्गांतील प्रसंग मनांत आणा. घंटा झाल्यावर एक मुलगा येतो. "उशीर कां झाला?" एवढें विचारतांच तो दप्तर आपटतो. आपण त्यास उद्धट म्हणतों. परंतु त्याचे आईबाप पहांटेच्या लोकलनें मुंबईस कामास जातात व परततात तेव्हां तो निजलेला असतो. डब्यांत पोळीभाजी असते, पण आठ दिवसांत "बाळा, कसा आहेस?" असें त्यास कोणी विचारलेलें नसतें. पहिला प्रश्न आला, तो जाब विचारणारा!

लंडन येथील डॉक्टर जॉन बोल्बी यांनीं चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास १९४४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील १४ मुलांस कोणाविषयींच माया वाटत नसे. आणि त्यांपैकीं १२ मुलें बालपणीं आईपासून दीर्घकाळ दुरावलेलीं होतीं.

परंतु अशा प्रत्येक मुलाची गति हीच होते, असें नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची आई त्यांच्या लहानपणींच निवर्तली. वडील फार कडक. मुलगा घर सोडून नाशिकास गेला व गणेशशास्त्री लेले यांच्यापाशीं संस्कृत शिकला. पुढें त्यांचा शीघ्रकोप, न सांगतां घरांतून निघून जाण्याची संवय, हें सर्व लक्ष्मीबाईंनीं 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत निर्भीडपणें लिहिलें आहे. पण हेच टिळक फुलामुलांचे कवि झाले, आणि त्यांच्या अहमदनगरच्या घरीं बालकवि ठोंबरे यांस पोटच्या मुलाप्रमाणें माया मिळाली. एकाच उणिवेंतून संतापही आला व दुसऱ्याची उणीव भरून काढण्याची तळमळही आली, असें मला वाटतें.

म्हणून मुलांनो, राग आला कीं स्वतःस विचारा : मला खरोखर काय हवें होतें? तें शब्दांनीं सांगा. मनाची भूक हें रागाचें कारण असेल. तरी आपटलेलें दप्तर उचलणें हें आपलेंच काम आहे.

पालकांस व आम्हां शिक्षकांस पवित्र शास्त्रांतील एलीयाची गोष्ट पुरे आहे. जिवास कंटाळून तो रानांतील झुडपाखालीं निजला असतां देवदूतानें त्यास बोल लावला नाहीं. प्रथम भाकर व पाणी दिलें. तूं येथें कां आलास, ही विचारणा मागाहून झाली. आपणही हाच क्रम पाळूं या : आधीं भाकर, मग प्रश्न.