सायकल थांबली, पाय थांबले नाहीत

काही महिन्यांच्या सायकलप्रवासात पुनोहून निघून आठवडा झाला होता. ला रायाची 4,300 मीटरहून उंच खिंड ओलांडून आम्ही दोघी मैत्रिणी विल्कानोता नदीच्या काठाने उतरत पेरूतल्या पिसाक गावात पोचलो. सायकलींवरून पॅनिअर पिशव्या काढल्या, कपडे धुऊन दोरीवर टाकले आणि दुसरा दिवस विश्रांतीचा ठरवला. पण खोलीच्या खिडकीतून थेट डोंगर दिसत होता आणि त्याच्या अंगावर इंकांच्या दगडी ताली, एकावर एक, पार वरपर्यंत.

"उद्या वर जाऊन येऊ," मी म्हणाले.

"अगं, विश्रांती घ्यायची ना?"

"सायकल नाही चालवायची, म्हणजे विश्रांतीच की. राजगड-तोरणा केलेले पाय आहेत आपले."

या एका समजुतीची किंमत आम्ही पुढे पाच दिवस मोजली. ती चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

पिसाक गाव सुमारे 2,970 मीटरवर आहे आणि अवशेषांचा वरचा भाग त्याहून आणखी चार-पाचशे मीटर उंच. गावातूनच पायवाट चढते. दहा वाजता निघालो, पाण्याची एकेक बाटली आणि चार केळी घेऊन. चढ सोपा गेला. आठवड्यातला बराच काळ 3,500 मीटरच्या वर राहिल्याने छाती त्या हवेला सरावली होती. दम लागत नाही म्हणजे सगळं ठीक चाललंय, असं आम्ही धरून चाललो.

वरचं बांधकाम मात्र डोळ्यांत साठवावं असंच आहे. पंधराव्या शतकात पाचाकुतेक या इंका सम्राटाच्या काळात ते उभं राहिलं, असं मानतात. इंतिवाताना नावाच्या भागात मूळ खडकाभोवतीच भिंती बांधल्या आहेत. चुना नाही, माती नाही, नुसता दगडाला दगड घासून बसवलेला. मी एका सांध्यापाशी उकिडवी बसून पाहिलं. दोन दगडांमधली रेघ पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक होती. तालींची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, वर माती, म्हणजे पावसाचं पाणी साचून भिंत फुटत नाही. दिवसभर तापलेला दगड रात्री ऊब सोडतो आणि पिकाला कडाक्याच्या थंडीत आधार मिळतो. समोरच्या कड्यात भोकंच भोकं दिसतात. त्या इंकांच्या कबरी, कधीच्याच लुटलेल्या.

बघता बघता दोन वाजले. वरच्या फाटकापाशी एक आजी टपोऱ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि चीज विकत होत्या. आम्ही पायीच उतरणार हे कळल्यावर त्यांनी हात खाली-वर करत सांगितलं, "देस्पासियो, देस्पासियो." म्हणजे सावकाश. तिथे टॅक्सी उभ्या होत्या. तरीही आम्ही उतरायला लागलो.

पायऱ्या एकसारख्या नाहीत. एक वीतभर, पुढची थेट गुडघ्याएवढी. काही पावलांनी गुळगुळीत झालेल्या, आणि दरीच्या बाजूला कठडा नाही. अर्ध्या वाटेवर मांड्या थरथरायला लागल्या. गावात पोचलो तेव्हा डावा गुडघा वाकत नव्हता.

सकाळी पाय फक्त जड वाटले, म्हणून कुस्कोचा चढ घ्यायला निघालो. सात-आठ किलोमीटरवर पेडल दाबेना. शेवटी एक व्हॅन थांबवली आणि सायकली टपावर बांधल्या. त्याच रस्त्यावर तांबोमाचाय, पुका पुकारा, केंको आणि साक्सायवामान ही चार ठिकाणं लागतात. ती आम्ही सायकली उभ्या करून निवांत पाहणार होतो. आता ती काचेतून मागे गेली. मैत्रीण गप्प होती. तिचा काही दोष नव्हता, म्हणून मला जास्तच लागलं. पुढचे चार दिवस कुस्कोत आम्ही जिना उलटं तोंड करून उतरत होतो.

असं का झालं? पेडल मारताना मांडीचा स्नायू आखडत जाऊन जोर लावतो. पायऱ्या उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचं वजन तोलतो, ब्रेकसारखा. सायकलवर हे काम जवळपास नसतंच. कित्येक आठवडे ते न केलेल्या स्नायूवर ते एकदम पडलं, की आत सूक्ष्म इजा होते आणि दुखणं त्या दिवशी नाही, एक-दोन दिवसांनी वर येतं. गड उतरण्याची सवय आमच्या पायांना होती, पण सायकलवरच्या महिन्यांत ती गेली होती.

म्हणून जाणाऱ्यांना सांगणं एवढंच. अवशेषांना एक दिवस द्या आणि पायांना वेगळा एक दिवस द्या. हातात एकच दिवस असेल, तर पिसाकला गाडीने वरच्या फाटकापर्यंत जा, वरचा सपाटीचा भाग बघा आणि गाडीनेच परत या. पायी उतरायचंच असेल, तर पुढचे दोन दिवस चढाचे ठेवू नका. क्लीट लावलेले सायकलचे बूट घालून दगडावर जाऊ नका. माणशी किमान दोन लिटर पाणी, टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, या उंचीवर गार वाऱ्यातही ऊन भाजून काढतं. तिकिटासाठी रोख सोल (पेरूचं चलन) आणि पासपोर्ट जवळ ठेवा. कुस्को परिसराचं पूर्ण तिकीट दहा दिवस चालतं, त्यामुळे सगळं एका दिवसात उरकायची घाई नको.

मांड्या दुखल्या तर थांबा, हळूहळू चाला, भरपूर पाणी प्या. लघवी चहासारखी गडद झाली, तर वाट न पाहता डॉक्टर गाठा. डोकं ठणकतंय, उलटी होतेय, तोल जातोय असं झालं, तर तो थकवा समजू नका. ताबडतोब खाली उतरा.

आणि वर कुणी आजी "सावकाश" म्हणाल्या, तर त्यांचं ऐका. त्या पायऱ्या त्यांच्या रोजच्या आहेत.