हातांची फुली : ड्रमसेट वाजवण्याच्या दोन पद्धती

वाङ्मय मंडळाच्या अंकात ड्रमसेट कशाला, असं कुणी विचारेल. पण वाद्याचीही एक भाषा असते, आणि तिचं व्याकरण कधी कधी आपण न तपासताच पाठ करतो. हा लेख अशाच एका नियमाबद्दल आहे.

ड्रमसेट वाजवणाऱ्याकडे नीट पाहा. डाव्या पायाजवळ पायपट्टीने उघड-बंद होणारी झांजांची जोडी असते, ती हाय-हॅट. दोन गुडघ्यांच्या मध्ये स्नेअर. उजव्या पायाखाली बेस ड्रमची पट्टी. आता हात पाहा. बहुतेकांचा उजवा हात डाव्यावरून पलीकडे जाऊन हाय-हॅट वाजवतो, आणि डावा हात त्याच्या खालून स्नेअर. हातांची फुली होते. ही क्रॉस-हँडेड पद्धत. डाव्याने हाय-हॅट आणि उजव्याने स्नेअर वाजवला की फुली सुटते. ती ओपन-हँडेड, म्हणजे मोकळ्या हातांची पद्धत.

मी डावखुरी. शिकायला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं, "आधी हात बरोबर टाक." बरोबर म्हणजे उजवा वर, डावा खाली. दोन वर्षं तसंच वाजवलं. काठ्या एकमेकींवर आपटायच्या, हाय-हॅटची चाल डळमळायची, आणि मला वाटायचं, आपल्याला लयच नाही. ड्रम सोडून द्यायच्या बेतात होते. मग ही फुली आली कुठून, ते शोधायला लागले.

फुली आली कुठून?

ड्रमसेट हे तसं तरुण वाद्य. एका माणसाला बसल्या जागी बेस ड्रम आणि स्नेअर दोन्ही वाजवता यावेत यासाठी पायपट्टी लागते. लुडविग कंपनीची पायपट्टी 1909 मध्ये आली आणि ती सोय रुळली. 1920 च्या दशकात पायाने वाजणारी झांजांची जोडी आली, पण ती जमिनीलगत होती. तिला 'लो-बॉय' म्हणत. हात तिच्यापर्यंत जातच नव्हता, त्यामुळे फुलीचा प्रश्नच नव्हता. पुढे तिची दांडी उंच झाली, काठी पोचू लागली. काउंट बेसीच्या वाद्यवृंदातल्या जो जोन्स यांनी हाय-हॅटवर अखंड लय चालवण्याची शैली गाजवली.

आता डावा हात पुढे का आला नाही? एक कारण काठी धरण्यात आहे. लष्करी ताफ्यातला ड्रम पट्ट्याने लटकायचा आणि एका बाजूला कलायचा. म्हणून डाव्या हाताची काठी तळवा वर करून, खालून धरायची सवय पडली. ती पकड ड्रमसेटवरही आली. त्या पकडीत डावा हात खाली स्नेअरवर बरा बसतो, पण उंचावरची झांज वाजवायला अवघड जातो. शिवाय बहुतेकांचा उजवा हात चलाख. मग तोच पलीकडे गेला. नियम झाला तो असा, सोयीतून. आज बरेच जण दोन्ही काठ्या सारख्याच धरतात, पण फुली तशीच राहिली.

कुठे काय अडतं?

फुलीत डाव्या काठीला उचलायला जागा कमी मिळते, कारण वर उजवा हात असतो. जोराचा ठोका हवा तर हाय-हॅट उंच करावी लागते, आणि मग उजवा खांदा वर चढतो. उजवा हात हाय-हॅटवर अडकल्यामुळे, लय चालू ठेवून उजवीकडचे टॉम वाजवणंही जमत नाही.

मोकळ्या हातांत हे सुटतं, पण त्याचीही किंमत आहे. उजव्या माणसाला सतत चालणारी लय कमकुवत हाताकडे सोपवावी लागते. राइड ही मोठी झांज सहसा उजवीकडे असते. तिथे जायचं तर पुढचा हात बदला, नाहीतर राइड डावीकडे आणा.

बिली कोबॅम यांनी हेच केलं. जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रात ते 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला वाजवत. डाव्या हाताने हाय-हॅट, राइडही डावीकडे. त्यांच्यानंतर सायमन फिलिप्स यांनी हीच वाट धरली. डेव्ह मॅथ्यूज बँडचे कार्टर ब्यूफर्डही मोकळ्या हातांनी वाजवतात.

उलट उदाहरण रिंगो स्टार यांचं. ते जन्मतः डावखुरे, पण आजीने उजव्या हाताने लिहायला लावलं. ड्रमसेट त्यांनी उजव्या माणसाच्या मांडणीत, फुली घालूनच वाजवला. पण टॉमवर फिरताना डावा हात पुढे यायचा, त्यामुळे त्यांच्या भरण्या इतरांपेक्षा वेगळ्या पडल्या. म्हणजे फुलीतही आपला हात बोलतोच. मला या गोष्टीने धीर दिला.

करून पाहा

सुरुवातीला ड्रमसेट नको, खुर्ची पुरे. मेट्रोनोम 60 वर ठेवा. "एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि" असं म्हणा.

1. डाव्या हाताने डाव्या मांडीवर आठही ठोके द्या. आकड्यांवर जोर, 'आणि'वर हलका हात.
2. उजव्या हाताने उजव्या मांडीवर फक्त दोन आणि चार.
3. उजव्या पायाने एक आणि तीन.

न अडखळता पाच मिनिटं जमलं की ड्रमसेटवर या. तीन आवर्तनं ही चाल वाजवा, चौथ्यात भरणी घ्या : स्नेअर, लहान टॉम, मधला टॉम, फ्लोअर टॉम, प्रत्येकावर चार ठोके. सुरुवात उजव्याने करा. डाव्याने सुरू केलं तर पुढच्या टॉमवर जाताना डावा हात उजव्यावरून ओलांडावा लागेल, म्हणजे फुली पुन्हा आलीच. सोळावा ठोका डाव्याचा, फ्लोअर टॉमवर. मग 'एक'ला उजव्याने क्रॅश वाजवा. तेवढ्या अर्ध्या मात्रेत डावा हात परत हाय-हॅटवर पोचतो. मी इथेच सगळ्यात जास्त चुकले. घाई केली की 'आणि' हुकतो.

मग निवडायचं काय?

तबल्यात डावखुऱ्याने दायाँ-बायाँची अदलाबदल केली की काम भागतं. अख्खा ड्रमसेट उलटा लावायला मात्र वेळ जातो. स्नेहसंमेलनात तीन बँड एकाच सेटवर वाजवतात, मध्ये दहा मिनिटं. तिथे डावखुऱ्याने सेट फिरवा म्हटलं तर कोण ऐकणार? मोकळ्या हातांनी मी आहे त्याच मांडणीवर बसते. स्टूल थोडं वर-खाली केलं की झालं.

उजव्या हाताच्या मित्रमैत्रिणींनो, तुमची फुली छान बसली असेल तर ती मोडू नका. पण रोज दहा मिनिटं डावा हात पुढे ठेवा, तो तयार होईल. आणि उद्या तुमच्याकडे कुणी शिकायला आलं, तर "हात बरोबर टाक" म्हणण्याआधी एवढंच विचारा, "तू कुठल्या हाताने लिहितोस?" माझी दोन वर्षं या एका प्रश्नाने वाचली असती.