निमित्त आणि कारण

एखादा प्रोग्रॅम उघडताच संगणक विझून पुन्हा सुरू झाला, की दोष त्या प्रोग्रॅमला दिला जातो. पुष्कळदा तो केवळ निमित्त असतो. कारण निराळेच असते. हा भेद न जाणता घाईने सारे पुसून विंडोज नव्याने भरले, तर प्रबंधाचे लिखाण जाते आणि बिघाड राहतो. म्हणून प्रथम लिखाणाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी.

गंभीर बिघाड होताच संगणक आपोआप पुन्हा सुरू करण्याची सोय विंडोजमध्ये असते. ती बंद करावी. मग बिघाडाची सूचना देणारा पडदा दिसल्यास ड्रायव्हर किंवा रॅम तपासावी. पडदा न दिसता यंत्र एकदम विझल्यास वीजपुरवठा वा उष्णता यांचा संशय घ्यावा. जड प्रोग्रॅम उघडताना प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड अधिक वीज ओढतात. दुबळ्या पॉवर सप्लायचा १२ व्होल्टचा दाब तेव्हा घसरतो. धुळीने पंखा अडला असल्यास प्रोसेसर तापतो.

जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ मध्ये मांडलेली व्यतिरेक पद्धती येथे उपयोगी पडते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकी सर्व तसेच ठेवावे. जी बदलताच बिघाड थांबतो, तेथेच कारण शोधावे. तर्कशास्त्र केवळ परीक्षेपुरते नसते, ते असे!