सातबारा वाचताना नजर कुठं अडते, ते पाहण्याची कृती

कडेगावच्या तहसील कचेरीबाहेर चांगली शिकलेली माणसंही जमिनीचा सातबारा उतारा दुसऱ्यापुढं धरतात, 'बोजा हाय का बघ की जरा' म्हणतात. अडचण वाचणाऱ्याची की कागदाच्या मांडणीची, हे नजरेचा माग काढून तपासता येतं. त्यासाठी लॅपटॉपचा कॅमेरा आणि वेबगेझर हे अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात तयार झालेलं मोफत साधन पुरतं. वेबपान तयार करता येणारं कुणीतरी सोबत घ्या.

आधी नमुना उतारा तयार करा. नाव, गट नंबर सगळं काल्पनिक ठेवा. गावात एकमेकांची जमीन सगळ्यांना माहीत असते. खरा उतारा दाखवला तर माणूस वाचत नाही, आठवतो. 'कुळ, खंड व इतर अधिकार' या रकान्यात विकास सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, टाका. साध्या कॅमेऱ्यात नजरेचा ठिपका चार-पाच सेंटिमीटर सहज सरकतो, म्हणून एका वेळी तीन-चारच रकाने, मोठे करून दाखवा.

माणसाची लेखी संमती घ्या. न फिरणाऱ्या खुर्चीत, पडद्यापासून साधारण ६० सेंटिमीटरवर बसवा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला हवा. खिडकी पाठीमागं नको, उजेड समोरून यावा. चष्म्यावर पडदा चमकत असेल तर लॅपटॉप थोडा कलता करा.

मग कॅमेऱ्याची नजरेशी जुळवणी. पडद्यावर नऊ ठिपके एकेक करून दाखवा आणि प्रत्येकाकडं बघत त्यावर क्लिक करायला सांगा. माऊसची सवय नसेल तर त्यांनी ठिपक्याकडं बघून 'बघितलं' म्हणावं, क्लिक तुम्ही करा. शेवटी मधल्या ठिपक्याकडं बघायला सांगा. नोंद भलतीकडं पडली तर सगळं पुन्हा करा. इथं घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं.

प्रश्न उतारा दाखवण्याआधी विचारा: 'या जमिनीवर कर्ज आहे का?' सोव्हिएत शास्त्रज्ञ यार्बस यांनी दाखवून दिलं होतं, की चित्र तेच असलं तरी प्रश्न बदलला की नजरेची वाट बदलते. दुसरा प्रश्न सोपा ठेवा, क्षेत्र किती? निम्म्या लोकांना सोपा आधी विचारा. वाचताना मधे बोलू नका.

तीन गोष्टी मोजा: योग्य रकान्यावर पहिल्यांदा नजर कधी गेली, तिथं किती वेळ थांबली, किती वेळा परत आली. पण थांबलेली नजर गोंधळलेली असते असं नाही. म्हणून नजरेची वाट त्यांनाच दाखवा आणि विचारा, 'इथं काय शोधत होता?' माझ्या मते सगळ्यात मोलाची माहिती इथंच मिळते.

डोक्यावरचा ताण डोळ्याच्या बाहुलीतही दिसतो. मनातल्या मनात गुणाकार करताना ती मोठी होते, हे हेस आणि पोल्ट यांनी १९६४ साली नोंदवलं. पण हा फरक मिलिमीटरच्या अंशाएवढा. उजेड बदलला तरी बाहुली त्याहून जास्त हलते. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर तो मोजू नका, त्याला अवरक्त किरणांचं यंत्र लागतं. त्याऐवजी प्रत्येक प्रश्नानंतर डोक्याला किती ताण पडला, किती वैताग आला, याला शून्य ते शंभर गुण द्यायला सांगा.

मांडणी बदलून पुन्हा चाचणी घ्यायची तर माणसं नवी घ्या. पहिल्यांना बोजा कुठं आहे ते माहीत झालेलं असतं.