ग्रहणाचा दोष नव्हे

प्रश्न : नातवाचे कान अर्धवट, हनुवटी आखूड. डॉक्टर ‘ट्रीचर कॉलिन्स’ म्हणतात. सुनेने ग्रहण पाळलं नाही, म्हणून का?
– एक आजी, मालवण

उत्तर : आजी, सुनेला बोल लावू नका. पेशीत प्रथिनं बनवतात ते रायबोसोम. गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास चेहऱ्याची हाडं घडवणाऱ्या पेशी भराभर वाढतात. त्यांना रायबोसोम भरपूर लागतात. या आजारात बहुतेकदा ‘टीसीओएफ१’ जनुकात बिघाड असतो. मग रायबोसोम कमी पडतात, त्या पेशी मरतात आणि गाल, जबडा, कान अपुरे राहतात. निम्म्याहून अधिक बाळांत हा बिघाड नव्यानेच होतो, आईबापांत नसतो. बुद्धी सहसा शाबूत असते (हे शेजाऱ्यांनाही सांगा!), पण ऐकू आलं नाही तर बोलणं मागे पडतं. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात ‘बेरा’ या श्रवण तपासणीची चौकशी लगेच करा. आखूड जबड्यामुळे झोपेत श्वास अडकत असेल, तर डॉक्टरांकडे जायला एक दिवसही थांबू नका.