चतुर्थीला गावी यायचं, पण विमानाचं तिकीट?

प्रश्न : मुलगा, सून आणि दोन नातवंडं दरवर्षी दिल्लीहून चतुर्थीला घरी येतात. तिकिटाचा आकडा ऐकून डोळे पांढरे होतात. स्वस्तात कसं जमेल?
– एक आजोबा, सावंतवाडी

उत्तर : आजोबा, चारही तिकिटं एकदम शोधत असाल तर तिथेच पैसे जातात. विमानातल्या जागा वेगवेगळ्या दरांच्या गटांत विकल्या जातात. सर्वांत स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चार मागितल्यात, तर बहुतेक वेळा चौघांनाही वरचा दर लागतो. म्हणून आधी एकाचा दर पाहा, मग चौघांचा. फरक दिसला तर दोन-दोन तिकिटं काढा. मात्र प्रत्येक नातवंडाबरोबर एक मोठं माणूस हवंच.

गोव्यात विमानतळ दोन : जुना दाबोळी आणि २०२३ साली सुरू झालेला मोपा. मोपा पेडणे तालुक्यात, म्हणजे तुमच्या अगदी हाताशी. दाबोळीचं तिकीट थोडं स्वस्त दिसलं तरी हुरळू नका. टॅक्सीचं भाडं ती बचत खाऊन टाकतं. सामानाचे आणि जागा निवडण्याचे पैसे धरून शेवटी येणारी रक्कमच खरी.

चतुर्थी कधी, हे पंचांगात आधीच कळतं. शक्य असेल तर सणाच्या चार-पाच दिवस आधीचं विमान बघा. मुलाला आजच फोन करा आणि परतीचं तिकीटही आत्ताच काढायला सांगा. विसर्जनानंतर परतणाऱ्यांची गर्दीही तेवढीच असते.